नादाचे वस्त्र

मनुष्यास आयुष्यात कोणत्या विषयावर मत द्यावे लागेल याचा नेम नाही. अडतीस वर्षे शाळेत मुलांस शुद्धलेखन, त्रैराशिक आणि सवड झाल्यास दोन-चार सुभाषिते शिकविण्यात घालविल्यावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी विलायती ढोलांस कोणता रंग शोभेल या प्रश्नाचा निकाल आमच्याकडून मागितला जाईल, असे एखाद्या ज्योतिष्याने सांगितले असते तर आम्ही त्यास दक्षिणा न देताच वाटेस लाविले असते. परंतु तसा प्रसंग आला खरा. आणि त्यात निकाल देणाराचाच निकाल कसा लागला, ते वाचकांस सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

आमचा धाकटा बंधू अकाली गेला त्या वेळी त्याचा मुलगा अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून तो आणि आमची भावजय आमच्याच घरी आहेत. मुलगा बुद्धीने चांगला. पदवी घेऊन बँकेत किंवा कचेरीत चिकटेल, अशी आमची अपेक्षा होती. त्याने पदवी घेतली, आणि दुसऱ्याच महिन्यात एका टेम्पोतून तांबडाभडक, चमचमणारा, कोणाचा तरी वापरलेला ड्रमसेट घरी आणिला. ‘काका, मी हाच धंदा करणार,’ एवढेच तो म्हणाला. आम्हीही एवढेच म्हणालो की, ‘ती सर्कस गच्चीवरच्या खोलीत ठेव, दिवाणखान्यात नको.’ पुढे पाच वर्षे ती गच्चीवरच राहिली. तो आपल्या कार्यक्रमांस जाई, रात्री-अपरात्री येई, महिन्याच्या पहिल्या तारखेस आईच्या हाती पैसे ठेवी. आम्हांस त्याने कधी कार्यक्रमास बोलाविले नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही. एका छपराखाली दोन माणसे अशी पाच वर्षे राहू शकतात, हे आम्हांस आज लिहितानाही बरे वाटत नाही.

गेल्या वर्षी एका दिवंगत गायकाच्या स्मरणार्थ येथे एक संध्याकाळ झाली. गायक आमच्या परिचयाचे, म्हणून आम्ही सपत्नीक गेलो. पडदा वर गेला तो व्यासपीठावर तंबोरे, पेटी, तबला आणि मागे आमच्या गच्चीवरची ती तांबडी सर्कस! साथीस चिरंजीव असतील याची आम्हांस कल्पना नव्हती. दिवेवाल्याने मागून पिवळा प्रकाश सोडिला मात्र, आणि तो ड्रमसेट बांगड्यांच्या दुकानासारखा लखलखू लागला. पुढे समई, हार घातलेली तसबीर, आणि मागे हा झगमगाट. लोकांत कुजबुज झाली. संयोजकांपैकी एकजण लगबगीने आत गेले. क्षणभराने मुलगा खाली उतरून थेट आमच्या रांगेपाशी आला आणि खाली मान घालून म्हणाला, ‘काकू, तुमची शाल देता?’

आमच्या कुटुंबाने अंगावरची काळी शाल काढून दिली. त्याने ती मोठ्या ढोलाच्या तोंडावरून खाली सोडिली, बाकीच्यांवर कोठूनसे मिळालेले एक गडद वस्त्र टाकिले, आणि काठ्या बाजूस ठेवून तारांचे कुंचले हाती घेतले. नंतर तासभर त्याने जे वाजविले त्यास वाजविणे म्हणावे की श्वास घेणे म्हणावे, हे आम्हांस ठरविता येईना. पागोळ्यांची रिमझिम दुरून ऐकू यावी तसा तो नाद होता. नाट्यशास्त्रात अशी कथा आहे की, सरोवरातील कमळाच्या पानांवर पावसाचे लहानमोठे थेंब पडताना स्वाती मुनींनी ऐकिले, आणि त्या नादावरून पुष्कर नावाचे वाद्य घडविले. ही कथा आम्ही कित्येकांस सांगितली असेल. ऐकिली मात्र त्या दिवशी प्रथम, आणि ती आमच्याच पुतण्याकडून.

घरी परतताना तो म्हणाला, ‘शालीमुळे मोठ्या ढोलाचा आवाज जरा दबला. पण इलाज नव्हता. काका, मला हा सेट बदलायचा आहे. रंग कोणता घ्यावा?’ त्याने पैसे मागितले नाहीत. मत मागितले. पाच वर्षांत प्रथमच.

आमचे पहिले मत आम्ही शिक्षकी बाण्याने तत्काळ देऊन टाकिले. वाद्यास रंग हवाच कशास? तबल्याचे खोड शिसवीचे किंवा खैराचे असते. त्यास कोणी चमकी लावितो काय? लाकूड लाकडासारखे दिसावे, म्हणजे झाले. यावर तो हसला आणि म्हणाला, ‘काका, तबला पुढे असतो. आम्ही मागे असतो. आणि मागच्याला रोज निराळ्या घरात पाहुणा म्हणून जावे लागते.’

मग त्याने आम्हांस या रंगांचा इतिहास ऐकविला, आणि तो आम्हांस वाटला तितका पोरकट निघाला नाही. अमेरिकेत जीन क्रूपा नावाचा वादक होऊन गेला. ता. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाने जो गाजलेला कार्यक्रम केला, त्यात ढोल याच्याकडे होते. मागे बसणाऱ्या ढोलवाल्यास लोकांनी नावाने ओळखावे, ही प्रतिष्ठा प्रथम ज्यांना मिळाली त्यांत तो अग्रगण्य. त्याचा सेट स्लिंगरलँड कंपनीचा, मोत्याच्या शिंपल्यासारखा पांढरा. पुढे १९६३ साली बीटल्सच्या रिंगो स्टारने लंडनच्या एका दुकानात लुडविग कंपनीचा काळ्या शिंपल्याच्या लहरींचा सेट पाहिला, आणि त्या रंगावर तो भाळला. ता. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर त्यांचा कार्यक्रम झाला, तो सुमारे ७ कोटी ३० लक्ष लोकांनी पाहिला; ढोलाच्या तोंडावर लुडविगचे नाव ठळक होते, आणि त्या कंपनीचे भाग्य उघडले. लेड झेपेलिनचा जॉन बॉनम याने १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये वाजविलेला सेट तर लाकडाचाच नव्हता. तो मधासारख्या रंगाच्या पारदर्शक अॅक्रिलिकचा होता. हजारोंच्या सभागृहात दिव्यांचा झोत त्यातून आरपार जाई. म्हणजे प्रत्येकाने आपली जागा पाहून वस्त्र निवडिले होते.

येथे आमच्यातील जुना संस्कृताभ्यासी जागा झाला. आम्ही त्यास सांगितले की, यात नवीन ते काय? भरतमुनींनी प्रत्येक रसास वर्ण नेमून दिलाच आहे. शृंगार श्याम, हास्य श्वेत, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र तांबडा, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. ‘तुझा तांबडा सेट म्हणजे मूर्तिमंत रौद्ररस, तो तू करुणाच्या सभेत नेलास, म्हणून शाल मागावी लागली.’ मुलाने हे गंभीरपणे ऐकून घेतले आणि विचारिले, ‘मग आठ सेट घेऊ?’ आम्ही निरुत्तर झालो.

तेव्हा शास्त्र बाजूस ठेवून आम्ही वस्तुस्थितीकडे वळलो. त्याने समजावून दिले त्याचे सार असे. ढोलाच्या लाकडी खोडावर रंग चढविण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला, लाकडात मुरणारा रंग किंवा तेल-मेण. यात लाकडाच्या रेषा दिसतात, चकाकी बेताची असते. लहान खोलीतील जाझ, ध्वनिमुद्रण, शांत बैठक यांस हा शोभतो. परंतु ओरखडा पडला की थेट लाकडास पडतो. दुसरा, लॅकर. थरावर थर देऊन, प्रत्येक थर घासून आरशासारखा केलेला. मोठ्या रंगमंचावर याचे तेज वेगळेच. पण टेम्पोत एकदा आपटला की टवका उडतो, आणि तो पूर्ववत करणे खर्चाचे काम. तिसरा, आवरण. हे प्लॅस्टिकचे पातळ पान खोडाभोवती गुंडाळितात. चमकीचे, मोत्याचे, शिंपल्याचे जे नमुने दिसतात ते बहुधा याच प्रकारचे. हे दणकट, रोज चढउतार, रोज नवा मांडव, अशांस सोयीचे. मात्र उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापले तर सांध्याशी सुटू लागते. त्याच्या तांबड्या सेटाचे तेच झाले होते.

‘आणि आवाज?’ आम्ही विचारिले. तो म्हणाला की, आवाज मुख्यतः ठरतो तो ज्यास तबल्यात आपण पुडी म्हणतो आणि हे लोक हेड म्हणतात तिच्यावर, तिच्या ताणावर, ज्या धारेवर ती टेकते त्या धारेवर, आणि खोडाच्या लाकडावर व जाडीवर. वरचे आवरण जाड असून धारेपर्यंत आले तर हेडाची कडी अडकते व सूर नीट लागत नाही. एवढी काळजी घेतली तर श्रोत्यास रंग ऐकू येत नाही, तो केवळ दिसतो.

मग आम्ही त्याची रोजनिशी मागवून घेतली. गणिताच्या मास्तरास दुसरे काय सुचणार! मागील वर्षी त्याने ५८ सुपाऱ्या घेतल्या होत्या. त्यांपैकी २७ लग्ने व स्वागतसमारंभ, १३ गणेशोत्सव-नवरात्राच्या, ९ महाविद्यालये व कंपन्यांच्या, आणि ९ शांत मैफली अगर स्मरणाचे कार्यक्रम. आम्ही विजयी मुद्रेने म्हणालो, ‘त्रैराशिकच नको. एकोणपन्नास ठिकाणी झगमगाट हवा, नऊ ठिकाणी नको. बहुमत चमकीचे.’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘काका, एकोणपन्नास कार्यक्रम घर चालवतात. मी वाजवतो ते त्या नवांसाठी.’

वाचकहो, या वाक्याने आमच्या काळजास हात घातला. कारण आमचे स्वतःचे आयुष्य दुसरे काय होते? साठ मुलांच्या वर्गात छप्पन्न मुले पोटासाठी शिकविली, आणि ज्या तीन-चार मुलांचे डोळे एखाद्या श्लोकाने चमकत, त्यांच्यासाठी शाळेत गेलो. परंतु शाळेत जाताना दोघांसाठी निराळा पोशाख आम्ही केला नव्हता. एकच पांढरा सदरा. तोच झेंडावंदनास, तोच विद्यार्थ्याच्या लग्नास, तोच एखाद्या पालकाच्या अंत्ययात्रेस. कोठेही तो विशोभित दिसला नाही, आणि कोठेही त्याने स्वतःकडे लक्ष ओढून घेतले नाही. हा विचार मनात आला आणि आम्ही म्हणालो, ‘पांढरा घे. तुझ्या त्या क्रूपासारखा, मोत्याचा.’

कारणही सांगितले. स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेविले तर स्फटिक तांबडा दिसतो, फूल दूर केले की पुन्हा आपल्या मूळ रूपात. हा दृष्टान्त आपल्या शास्त्रकारांचा आवडता. लग्नात दिवेवाला जांभळा प्रकाश टाकील तर पांढरा सेट जांभळा होईल, गणपतीत केशरी टाकील तर केशरी. दिवे मंद झाले की तो मुकाट्याने मोत्यासारखा राहील. काळा सेट काळ्या पडद्यापुढे दिसेनासा होतो, तांबडा तांबडेपणा सोडीत नाही. पांढरा तेवढा ज्याच्या घरी जाईल त्याचा होतो.

मुलाने शंका काढिली की, पांढरी वस्तू कॅमेऱ्यात कधी कधी भगभगीत उमटते. मग स्वतःच म्हणाला की, मोत्याच्या लहरींमुळे ते पुष्कळ कमी होईल, आणि समोरचा दिवा थोडा उतरवायला सांगता येतो. दुसरी शंका घराच्या आतून आली. आमचे कुटुंब म्हणाले, ‘लग्नाच्या मांडवात पांढरे? कोणी अशुभ म्हटले तर?’ सर्वजण क्षणभर स्तब्ध झाले. तेव्हा दाराशी उभी असलेली आमची भावजय, जी अशा चर्चांत सहसा पडत नाही, ती हळूच म्हणाली, ‘मुंडावळ्या मोत्यांच्याच असतात की, भाऊजी. आणि नथसुद्धा.’ प्रश्न मिटला.

राहिला पैशाचा प्रश्न. त्याच्या मनास येणाऱ्या नव्या सेटाची किंमत आमच्या कित्येक महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतकी होती, आणि आम्ही देऊ केले तरी तो घेईना. आम्ही विचारिले, ‘जुन्याचे लाकूड वाईट आहे काय?’ लाकूड उत्तम आहे, तो म्हणाला. मेपलचे, धारही शाबूत. मग नवे शरीर कशास? जीर्ण झाले आहे ते वस्त्र! गीता वाचणाऱ्या घरात ही गोष्ट इतक्या उशिरा सुचावी याची आम्हांस लाज वाटली. केवळ आवरणाची पाने मागवावयाचे ठरले.

पाने नळीत गुंडाळून आली. पूर्वी ही आवरणे सेल्युलॉइडची करीत. म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली ज्या जातीच्या फितीवर उतरला, त्याच कुळातील द्रव्याची. चटकन पेट घेणारे ते द्रव्य होते. आजची बहुतेक आवरणे दुसऱ्या प्लॅस्टिकची असतात. सेल्युलॉइडच्या त्या जुन्या पांढऱ्या सेटांविषयी मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. काळाने ते पिवळसर, जुन्या हस्तिदंतासारखे होत जातात, आणि जाणते लोक त्या पिवळेपणासाठीच अधिक दाम मोजितात. ही बातमी आमच्या वयाच्या मनुष्यास सुखावह वाटली, हे कबूल करितो.

त्यानंतरचे चार दिवस गच्चीवरच्या त्या खोलीत आम्ही दोघे होतो. पाच वर्षांत आम्ही तेथे प्रथमच पाऊल ठेविले. त्याने खोडांवरील धातूचे सर्व खुंटे व पेच काढून डब्यांत नावे घालून ठेविले. केस वाळविण्याच्या यंत्राने ऊब देत तांबडे आवरण सोलून काढिले. खाली फिकट लाकूड होते. ते आम्ही पॉलिशपेपरने घासले. मग मापे. मोठ्या ढोलाचा व्यास २२ इंच. परीघ काढण्यास २२ गुणिले २२ भागिले ७, म्हणजे ६९ इंचांहून किंचित अधिक, आणि सांध्यावर चढविण्यास एक इंच. हे आम्ही तोंडी सांगितले तेव्हा त्याने भ्रमणध्वनीवरील यंत्र पाहून मान डोलाविली. पानाची वरची कड धारेच्या किंचित खाली ठेविली, म्हणजे हेडाची कडी मोकळी बसावी. सांधा अशा जागी आणिला की त्यावर खुंट्यांची ओळ येऊन तो झाकावा. आरंभीच्या कडेस व सांध्यास दुहेरी चिकट पट्टी लावून तो पान ताणीत गेला आणि आम्ही स्वयंपाकघरातील लाटण्याने ते बसवीत गेलो. शेवटी आतून जुन्या भोकांच्या जागी नवी भोके पाडिली आणि खुंटे परत जेथल्या तेथे.

हे काम आम्हांस येते, हे पाहून मुलास आश्चर्य वाटले. वस्तुतः त्यात आश्चर्य नव्हते. दर जून महिन्यात पुस्तकांस तपकिरी कागदाची कव्हरे घालण्याचे काम आम्ही अडतीस वर्षे केले आहे. प्रथम बंधूच्या, मग मुलांच्या, आणि वडील गेल्यावर याच्याही पुस्तकांस. कोपरा कसा मोडावा, सुरकुती पडू न देता पान कसे ओढावे, हे हातांस ठाऊक होते. काम करता करता तो एकदम म्हणाला, ‘काका, बाबांच्या मागून माझ्या पुस्तकांना कव्हरे तुम्ही घालायचात. मी पुस्तके मात्र नंतर टाकली.’ आम्ही म्हणालो, ‘टाकिली नाहीस. आम्हीच पाच वर्षे पाने उलटून पाहिली नाहीत.’ याहून अधिक त्यावर कोणी बोलले नाही. सांधा धरून ठेवावयाचा होता.

पहिला कार्यक्रम लग्नाचा झाला. आम्ही गेलो. दिवेवाल्याने जांभळा, निळा, गुलाबी असे सर्व प्रयोग केले आणि सेटाने प्रत्येक रंग अंगावर घेतला. वधूच्या मुंडावळ्यांस तो शोभत होता, असे आमच्या भावजयीचे मत पडले. पंधरा दिवसांनी एका लहानशा दिवाणखान्यात शे-सव्वाशे श्रोत्यांपुढे बासरीची मैफल होती. त्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याने विचारिले, ‘काका, संध्याकाळी याल का?’ हेच आमंत्रण पाच वर्षे यावयाचे राहिले होते.

दिवे मंद होते. ढोल मागे मोत्यासारखे उभे होते. कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हते, आणि तारांचे कुंचले त्यांवर फिरू लागले तेव्हा सर्वजण ऐकत होते. आमच्या कुटुंबाने सवयीने काळी शाल बरोबर आणिली होती. ती शेवटपर्यंत त्यांच्या मांडीवरच घडी घालून राहिली. बाहेर पडलो तेव्हा हवेत गारठा होता; त्यांनी ती उलगडून आमच्या खांद्यांवर घातली, आणि आम्ही टेम्पोत सेट चढविण्यास मुलाच्या मदतीस गेलो.